बर्जेसने वर्ल्ड कप बुडवला म्हणे!

परवा रात्री घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज ढकलला. 'यशाचा मंत्र' छापाच्या कुठल्यातरी ग्रुपवरून आलेला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. खाली दाजींनी माझ्या भाचीसाठी स्वतःची एक ओळ जोडली होती, "वाच आणि विचार कर." भाची कोल्हापूरला कॉलेजात आहे. शाळेपासून कबड्डी खेळली, आता रग्बीच्या मागे लागली आहे. दाजींना ते पसंत नाही. नसू दे, बाप आहेत. पण मुलीला अडवायला त्यांनी जो दाखला शोधला तो इतका खोटा आहे की गप्प बसवेना. पोरीने रात्री साडेअकराला मला विचारलं, "मामा, हे खरंय का?" नाही गं बाई. जवळजवळ काहीच खरं नाही.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश. सॅम बर्जेस नावाचा इंग्लंडचा एक फुटबॉलस्टार होता. पैशाच्या हव्यासापायी तो स्वतःचा खेळ सोडून रग्बीत गेला. नियम येत नसतानाही २०१५च्या वर्ल्ड कपमध्ये त्याला खेळवलं, त्याच्यामुळे इंग्लंड वेल्सकडून हरलं आणि यजमान देश पहिल्याच फेरीत गारद झाला. असा खेळ बदलून आजवर कुणीही यशस्वी झालेलं नाही. बर्जेस वर्षभरात रडत परत गेला आणि त्याची कारकीर्द संपली. तात्पर्य, आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नये. सोबत फोटो: गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, चेहऱ्याची पार रया गेलेला एक धिप्पाड माणूस.

फोटोपासूनच सुरू करू. तो २०१५च्या वर्ल्ड कपचा नाहीच. ५ ऑक्टोबर २०१४, सिडनी, ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगची अंतिम लढत. साउथ सिडनीकडून खेळणाऱ्या बर्जेसने पहिल्याच मिनिटाला चेंडू घेऊन थेट कँटरबरी बुलडॉग्जच्या भिंतीत मुसंडी मारली. समोर जेम्स ग्रॅहम होता. डोक्याला डोकं भिडलं आणि बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो बाहेर गेला नाही. मोडक्या गालाने पूर्ण ८० मिनिटं खेळला. साउथ सिडनीने ३०-६ ने सामना जिंकला, १९७१ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक बर्जेसला मिळालं. शेवटची शिट्टी झाल्यावर गडी ढसाढसा रडला. म्हणजे ज्या माणसाचं 'वाटोळं' दाखवायला हा फोटो फिरवताय, तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा आहे. एवढं तपासायला दोन मिनिटं लागतात.

'फुटबॉलस्टार' हे एका वाक्यात उरकतो. मेस्सी-रोनाल्डोच्या फुटबॉलशी बर्जेसचा काही संबंध नव्हता. तो रग्बी लीगमधून रग्बी युनियनमध्ये गेला. लीग १३ जणांची, युनियन १५ जणांची, दोन्हींचे नियम वेगळे आणि वर्ल्ड कपही वेगळे. २०१५चा हा वर्ल्ड कप युनियनचा.

आता मुख्य आरोप. त्याच्यामुळे इंग्लंड वेल्सकडून हरलं.

२६ सप्टेंबर २०१५, लंडनचं ट्विकनहॅम मैदान. या सामन्याचं पूर्ण चित्रण आजही बघायला मिळतं. दाजी, तुमच्या मेसेजपेक्षा तेच बघा. शेवटची दहा मिनिटं बघितलीत तरी पुरे.

जोनाथन जोसेफ जखमी होता म्हणून इंग्लंडच्या मधल्या फळीत बदल झाला आणि बर्जेसला १२ नंबरच्या, म्हणजे सेंटरच्या, जागी सुरुवातीपासून उतरवलं. त्याचं काम मुख्यतः एकच, वेल्सचा जेमी रॉबर्ट्स हा रणगाडा थोपवणं. बर्जेस काही फार दिव्य खेळला असं मी म्हणणार नाही. चेंडू हातात असताना त्याने विशेष काही घडवलं नाही. पण रॉबर्ट्स त्या रात्री इंग्लंडची फळी फोडून सुसाट सुटला, असंही झालं नाही. मध्यंतराला इंग्लंड १६-९ ने पुढे होतं. ७०व्या मिनिटाच्या आसपास प्रशिक्षकांनी बर्जेसला बाहेर काढून जॉर्ज फोर्डला आणलं, तेव्हा गुणफलक होता इंग्लंड २५, वेल्स १८. सात गुणांची आघाडी, दहा मिनिटं बाकी. वेल्सची तर दैना झालेली. मागच्या फळीतले खेळाडू एकामागून एक जखमी होऊन बाहेर गेलेले, इतके की लॉइड विल्यम्स या स्क्रम-हाफला (पुढच्या आठ जणांच्या मागून चेंडू वाटणाऱ्याला) कडेला विंगवर उभं करावं लागलं होतं.

आणि त्याच लॉइड विल्यम्सने डाव्या कडेने पळत जाऊन चेंडू आत मैदानाच्या मध्याकडे लाथाडला. गॅरेथ डेव्हिसने तो पळता पळता उचलला आणि ट्राय केला, म्हणजे रेषेपलीकडे नेऊन टेकवला, पाच गुण. डॅन बिगरने ट्रायनंतरची लाथ खांबांच्या मधून मारून वरचे दोन गुण घेतले, २५-२५. दोन-तीन मिनिटांनी बिगरने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून पेनल्टी मारली, ती खांबांच्या मधून गेली. २५-२८. बर्जेस कुठे होता? बाकावर. इंग्लंडने सामन्यातली आघाडी गमावली तीच मुळी तो बाहेर गेल्यावर.

अजून संपलं नाही. शेवटच्या काही मिनिटांत इंग्लंडला उजव्या कडेजवळ पेनल्टी मिळाली. तिथून खांबांवर मारली असती तर तीन गुण, म्हणजे बरोबरी. कोन अवघड होता, पण ओवेन फॅरेलचा पाय त्या रात्री मस्त चालला होता. कर्णधार ख्रिस रॉबशॉने ठरवलं, बरोबरी नको, जिंकायचंच. चेंडू कोपऱ्यात मारून लाइनआउट घेतला, म्हणजे कडेबाहेरून दोन संघांच्या रांगांमध्ये चेंडू फेकायचा. रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला, खुद्द रॉबशॉकडेच चेंडू फेकला. तिथून रेषा दोन पावलांवर. वेल्सच्या खेळाडूंनी सगळ्या घोळक्याला रेटत मैदानाबाहेर ढकलून दिलं. संपला खेळ. त्या निर्णयावरून रॉबशॉने पुढे वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली. आणि या सगळ्याचं खापर आपले मराठी फॉरवर्डबहाद्दर फोडतात कुणाच्या डोक्यावर, तर बाकावर बसून हे बघणाऱ्या माणसाच्या!

बरं, त्या एका पराभवाने इंग्लंड बाहेर पडलंही नाही. पडलं ते ३ ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियाकडून १३-३३ ने हरल्यावर. त्या दिवशी पहिल्या पंधरात बर्जेस नव्हताच. मध्यंतरालाच इंग्लंड ३-१७ ने मागे होतं. ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने दोन ट्राय ठोकले होते आणि इंग्लंडचं स्क्रम, म्हणजे पुढच्या आठ जणांची रेटारेटी, पार कोलमडत होतं. स्क्रममधल्या आठ जणांत १२ नंबरवाला नसतो, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, आणि मी ती नाइलाजाने करतो. बर्जेसला त्या संघात घेणं शहाणपणाचं नव्हतं. नोव्हेंबर २०१४मध्ये तो इंग्लंडच्या बाथ क्लबाकडून पहिल्यांदा युनियन खेळला आणि दहा महिन्यांत वर्ल्ड कपला उभा राहिला. बाथने आधी त्याला सेंटरला खेळवून बघितलं, मग ६ नंबरला पुढच्या आठांत बसवलं. तिथे तो रुळत होता. इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी त्याला पुन्हा १२ नंबरला नेलं. क्लबात एक काम, देशासाठी दुसरं. त्याच्यासाठी लूथर बरेलसारखा मुरलेला सेंटर घरी बसवला. यावर इंग्लंडमध्ये तेव्हाच रान उठलं होतं आणि ते योग्यच होतं. पण ही चूक निवडणाऱ्यांची. बोलावणं आलं म्हणून गेलेल्या खेळाडूची नव्हे.

'नियम येत नव्हते' यातही थोडं तथ्य आहे, पण नियम पाठ नसण्याचा तो प्रश्न नाही. लीगमध्ये खेळाडू टॅकल होऊन पडला की उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, खेळ पुढे. चेंडूसाठी तिथे झटापट जवळपास नाही, आणि असे सहा टॅकल होईपर्यंत चेंडू तुमचाच. युनियनमध्ये पडलेल्याने चेंडू सोडायचा, पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं, आणि बाकीच्यांनी पायांवर उभं राहून त्या चेंडूसाठी झुंजायचं. कुणी पुढे जायचं, कुणी थांबायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरतं. लहानपणापासून अंगात भिनलेली सवय तिथे आडवी येते. आमच्या पोरीचंच बघा. कबड्डीत घोटा पकडला की चढाई करणारीचा दम संपेपर्यंत सोडायचा नाही, हेच तिला शिकवलेलं. रग्बीत समोरची खाली पडल्यावरही ही तिचे पाय कवटाळून राहते, आणि पंचांची शिट्टी वाजते. पेनल्टी. तिची पकड तिच्या वयाच्या मुलींत सगळ्यांत घट्ट आहे आणि सगळ्यात जास्त पेनल्ट्याही तिच्याच नावावर. तिचा प्रशिक्षक सध्या तिच्याकडून 'पाड, सोड, ऊठ' एवढंच घोटून घेतोय. ही सवय मोडायला वेळ लागतो. बर्जेसला तो मिळाला नाही, हिच्याकडे तो आहे.

'आजवर कुणीही यशस्वी झालेलं नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने रग्बीचा एक तरी वर्ल्ड कप बघितला असेल का, देव जाणे. २००३चा अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड, तोही सिडनीच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये जिथे पुढे बर्जेसने गाल मोडून घेतला. ऑस्ट्रेलियाची मागची तिन्ही माणसं, मॅट रॉजर्स, वेंडेल सेलर आणि लोटे तुकिरी, लीगमधून आलेली. इंग्लंडकडे जेसन रॉबिन्सन, तो विगन क्लबातून लीग खेळून आलेला. अख्ख्या सामन्यात, जादा वेळ धरून, ट्राय झाले फक्त दोन. पहिला तुकिरीचा, उंच आलेला चेंडू बुटक्या रॉबिन्सनच्या डोक्यावरून झेलून. दुसरा रॉबिन्सनचा, कोपऱ्यात घसरत जाऊन. म्हणजे युनियनच्या वर्ल्ड कप फायनलमधले दोन्ही ट्राय 'दुसऱ्याच्या बांधावर' गेलेल्यांचे! इंग्लंड २०-१७ ने जिंकलं. रॉबिन्सन पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला.

बाकीचे भराभर सांगतो. सनी बिल विल्यम्स २००८मध्ये लीग सोडून फ्रान्सला तूलाँकडे गेला, पुढे ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडकडून, २०११ आणि २०१५ असे दोन वर्ल्ड कप जिंकला आणि मधल्या काळात परत लीगमध्ये जाऊन २०१३चं विजेतेपदही घेऊन आला. अँडी फॅरेल लीगचा दिग्गज. युनियनमध्ये खेळाडू म्हणून त्याचं फारसं जमलं नाही, पण प्रशिक्षक म्हणून त्याने आयर्लंड घडवलं आणि २०२५मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाला ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली. आणि ताजा दाखला हवा असेल तर जोसेफ सुआलीई. नोव्हेंबर २०२४, ट्विकनहॅम, समोर इंग्लंड. व्यावसायिक युनियनमधला त्याचा हा पहिलाच सामना, तोही थेट देशासाठी. ऑस्ट्रेलिया ४२-३७ ने जिंकलं आणि सामनावीर सुआलीई. फसलेलेही आहेत. बेंजी मार्शलसारखा लीगचा जादूगार २०१४मध्ये ऑकलंडच्या ब्लूज या युनियन संघाकडे गेला आणि काही महिन्यांत परत लीगमध्ये आला. कुणाचं जमतं, कुणाचं नाही.

पैशाच्या हव्यासाचं सांगू? हे दोन खेळ वेगळे झाले तेच पैशावरून. १८९५मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. गिरणीत आणि खाणीत राबणारे खेळाडू शनिवारी सामना खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच मागणी होती, आणि ती दक्षिणेतल्या खात्यापित्या घरच्यांना पटली नाही. त्यानंतर शंभर वर्षं लीगमध्ये गेलेल्याला युनियनचे दरवाजे जन्मभर बंद. युनियनने उघडपणे पैसे देणं मान्य केलं ते १९९५मध्ये. बर्जेस हडर्सफील्डजवळच्याच ड्यूजबरीचा. अशा गावच्या पोराने खेळाचे चांगले पैसे घेतले तर त्यात लाज कसली? दाजी स्वतः दोन नोकऱ्या बदलून तिसरीत पगारवाढ घेऊन आले, तेव्हा आम्ही पेढे खाल्ले होते.

राहिलं शेवटचं, 'वर्षभरात रडत परत गेला, कारकीर्द संपली'. पहिलं अर्धं बरोबर आहे. तीन वर्षांचा करार असताना तो एका वर्षात, नोव्हेंबर २०१५मध्ये, साउथ सिडनीला परतला. बाथवाले चिडले. त्यांचं चिडणं मला पटतं, करार अर्धवट सोडणं चांगलं नव्हेच. पण कारकीर्द? तो साउथ सिडनीकडून आणखी चार हंगाम खेळला, संघाचं नेतृत्व केलं. २०१७मध्ये इंग्लंडकडून लीगच्या वर्ल्ड कपची फायनल खेळला, ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या ०-६ ने हरले. २०१९मध्ये खांद्याच्या दुखापतीने त्याला थांबवलं, युनियनने नाही. २०२४मध्ये तो इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन या लीग क्लबाचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्या दोन्ही वर्षी त्याने संघाला चॅलेंज कप या लीगच्या बाद स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेलं. दोन्ही फायनल हरला. मेसेज लिहिणाऱ्याला बर्जेसचे पराभवच मोजायचे असतील तर हे दोन घ्यावेत, निदान ते खरे आहेत.