डाग गेले म्हणजे इच गेला असं नाही (देवगडच्या दादांच्या कमेंटला उत्तर)

दादा, कमेंट नीट वाचली. खाली दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांचं म्हणणं असं की इचवरच्या (खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांच्या अंगावर पांढरे डाग आणणारा किडा) पोस्टमध्ये कॉपरचं औषध काय, ७६ दिवस टाकी बिनमाशांची ठेवा काय, असं लिहून मी नवीन लोकांना घाबरवतो, हे सगळं अमेरिकन यूट्यूबवाल्यांचं खूळ आहे, आपल्या तर दाराशी समुद्र आहे. त्यांच्या टाकीत पांढरे डाग आले, त्यांनी समुद्राचं ताजं पाणी बदललं, खाण्यात लसूण घातला आणि तीन दिवसात डाग गायब. शिवाय पावसाळ्यात खाडीच्या तोंडाचं गोडसर पाणी घातलं की डाग परत येत नाहीत. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की फक्त पावडर ब्लू टँग (निळा समुद्री मासा) पंपाच्या धारेत तोंड करून उभा असतो, जोरात श्वास घेतो आणि दोन दिवस खात नाहीये.

दादा, वाद नंतर करू, आधी हा टँग बघा. आजच बघा. धारेत तोंड खुपसून उभं राहणं, उजेड टाळणं, खाणं सोडणं आणि गिल्स (कल्ले) धापा टाकल्यासारख्या हलणं, ही वेल्वेटची (इचसारखाच दुसरा, जास्त घातक किडा) लक्षणं असू शकतात. वेल्वेट आधी गिल्समध्ये बसतो, अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरायला लागतो आणि दोन-तीन दिवसात टाकीतले सगळे मासे जाऊ शकतात. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारून अंग बघा. इचचे डाग मिठाच्या कणाएवढे आणि मोजता येतील असे असतात, वेल्वेटची पिठीसारखी बारीक सोनेरी-करडी धूळ दिसते. ती दिसली नाही तरी श्वासावरून उपाय सुरू करा.

तो उपाय म्हणजे गोड्या पाण्यात पाच मिनिटं डिप (बुडवून ठेवणं) आणि तिथून थेट कॉपरच्या वेगळ्या टाकीत. डिपचं पाणी टाकीएवढ्याच तापमानाचं आणि टाकीएवढ्याच पीएचचं पाहिजे, यात कोकणात लोक हमखास चुकतात कारण जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा आम्लाकडे झुकलेलं असतं. बादलीत एअर स्टोन लावून अर्धा तास चालू ठेवा, खायचा सोडा चिमूट चिमूट घालून पीएच ८.१-८.२ च्या आसपास आणा आणि मगच मासा टाका. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन उतरवा. पूर्ण वेळ समोर उभे राहा, मासा आडवा पडून निपचित झाला तर लगेच काढा. डिपने मासा बरा होत नाही, अंगावरचा भार थोडा हलका होतो, तेवढ्यात कॉपर काम सुरू करतं.

आता तुमच्या तीन दिवसांबद्दल. डाग तीन दिवसात गेले यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे, कारण ते लसणाशिवायही गेले असते. इचचा किडा माशाच्या कातडीच्या आत ३ ते ७ दिवस राहतो, खाऊन मोठा होतो आणि आपणहून गळून पडतो. मग वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून स्वतःभोवती गाठ बांधतो, त्या गाठीत त्याचे शेकड्यांनी तुकडे होतात आणि एके रात्री सगळे फुटून मासा शोधत सुटतात. तण फुलून बी सांडून वाळलं की शेत स्वच्छ दिसतं, तसं आहे हे. मासा चकाचक दिसतो तेव्हाच खरी फौज तळाला तयार होत असते. पुढच्या फेरीत दोनाचे वीस डाग होतात, किंवा डाग दिसतच नाहीत कारण सगळे गिल्समध्ये असतात.

लसणाने किडा मरतो याला काही आधार नाही. खात नसलेला मासा वासाने तोंड लावतो, तेवढ्यासाठी जरूर वापरा. क्लीनर श्रिंपचंही (माशाच्या अंगावरचे किडे खाणारी कोळंबी) तसंच, किडा कातडीच्या आत असतो, श्रिंप तिथे पोचत नाही. यूव्ही दिवा लावला तर पाण्यात फिरणारे काही मरतात, भार कमी होतो, पण टाकी मोकळी होत नाही.

आणि हे अमेरिकन खूळ नाही हो. हा किडा उबदार समुद्रातलाच आहे. जपानमध्ये १९३० च्या दशकात त्याचं वर्णन झालं, १९५१ मध्ये त्याला आजचं क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव मिळालं. जिताड्याच्या पालनात इच आणि वेल्वेट दोन्ही त्रास देतात, तिथे लोकांचं पोट त्यावर असतं. समुद्रातले मासे यानं फारसे मरत नाहीत कारण एवढ्या अफाट पाण्यात गाठ फुटून बाहेर पडलेल्या बहुतेक पिल्लांना मासाच सापडत नाही, एक-दोन दिवसात ती मरतात. आपल्या चार फुटी टाकीत मासा जाणार कुठे?

खाडीच्या पाण्याचा मुद्दा मात्र तुमचा खरा विचार करण्यासारखा आहे. सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) उतरवून इच मारायची पद्धत आहे, हायपो म्हणतात तिला, आणि चांगली केली तर ती चालते. पण त्यासाठी ३५ वरून साधारण १४ पीपीटीपर्यंत (पाण्याच्या हजार भागांत मिठाचे भाग) यावं लागतं, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००९, आणि तिथेच किमान चार आठवडे स्थिर राहावं लागतं, तेही कॅलिब्रेट केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) रोज बघून. मध्ये एक दिवस १८-२० वर गेलात की मेहनत वाया जाऊ शकते. खाडीच्या तोंडाशी भरतीला एक आकडा, ओहोटीला दुसरा, वरून जोराची सर आली की तिसरा. त्यात गाळ आणि वरच्या शेतातून उतरलेलं काय काय. गोडसर पाणी २५ पीपीटीचं असेल तर किडा मरत नाही, उलट टाकीतले कोरल आणि स्टारफिश आधी जातात. हायपोसुद्धा वेगळ्या टाकीतच, फक्त माशांसाठी. आणि वेल्वेटला हायपोचा काही फरक पडत नाही, तो निमखाऱ्या पाण्यातही मजेत जगतो, म्हणून तुमच्या टँगला या वाटेने नेऊ नका, कळकळीने सांगतोय.

कॉपर विष आहे हे तुमचं म्हणणं बरोबर, म्हणूनच ते मोजून द्यायचं. मेन टाकीत कधीच नाही. शंख, श्रिंप, खेकडे, कोरल, अ‍ॅनिमोन सगळं मरतं, आणि दगड-वाळू कॉपर शोषून घेतात, मग डोस कधी कमी कधी जास्त, कशाचाच भरवसा राहत नाही. नवा प्लास्टिकचा टब चालेल, त्यात स्पंज फिल्टर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. वाळू नको, दगड नको, कार्बन नको. आयोनिक (साध्या, मोकळ्या) कॉपरची बाटली असेल तर बहुतेक ०.५ पीपीएमच्या आसपास लेव्हल असते, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर २ ते २.५, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर मासा मरेल किंवा किडा मरणारच नाही, त्यामुळे बाटलीवरचं वाचा आणि त्याच प्रकाराला चालणारा टेस्ट किट घ्या. टेस्ट किट परवडत नसेल तर कॉपर वापरू नका, यावर मी ठाम आहे. कॉपर चालू असताना अमोनिया उतरवणारं केमिकल टाकायचं नाही, काही कॉपरबरोबर त्याचं मिश्रण जहाल होतं. अमोनिया वाढला तर त्याच लेव्हलच्या कॉपरचं पाणी बनवून बदला. पूर्ण ३० दिवस, मध्ये कितीही छान दिसला तरी, कारण कॉपर फक्त पाण्यात फिरणाऱ्या अवस्थेला मारतं, अंगातल्याला आणि गाठीतल्याला नाही, ते बाहेर येईपर्यंत औषध हजर पाहिजे.

याला अपवाद दोन. क्लाऊन माशाच्या अंगावरून शेंबडासारखी साल सुटत असेल तर तो बहुतेक ब्रुकलिनेला (आणखी एक वेगळा किडा), तिथे कॉपर चालत नाही, फॉर्मलिनच्या बाथचा विषय आहे आणि हातमोजे, उघडी खिडकी याशिवाय तो करायचा नाही. आणि डिपमध्ये माशाच्या अंगावरून पांढरे चपटे खवल्यासारखे तुकडे गळले तर ते फ्लूक (चपटे जंत), त्यांना प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध.

७६ दिवसांचं गणित असं की गाठी बहुतेक चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे, त्यावर थोडी सूट धरली. आपल्याकडे पाणी २८-२९ डिग्रीला असतं म्हणून चक्र लवकर संपतं, काही जण सहा आठवड्यांवर थांबतात. मी थांबत नाही. कोरल, श्रिंप मेन टाकीतच राहू दे, त्यांना थोडं खायला घाला, फक्त मासा एकही नको, लपलेला छोटा गोबीसुद्धा नको. जाळी, पाइप, ओला हात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाऊ देऊ नका. दोन टाक्या शेजारी शेजारीही ठेवू नका, वेल्वेट एअर स्टोनच्या तुषारांतूनसुद्धा जातो. आणि जून-जुलैत लाईट जाते तेव्हा टबाला बॅटरीवरचा एअर पंप पाहिजेच, कॉपरमधल्या आजारी माशाला कमी ऑक्सिजन अजिबात सोसत नाही.

राहिलं समुद्राचं पाणी. ते वापरूच नका असं मी म्हणत नाही, एवढं चांगलं पाणी विकत मिळत नाही. पण जेटीजवळून आणून त्याच संध्याकाळी टाकीत ओतू नका, आणि खडकातल्या डबक्यातला सार्जंट मेजर मासा पकडून सरळ टाकीत सोडू नका, त्याच्याबरोबर काय येतं ते दिसत नाही. (मालवणकडून कोरल लागलेला दगड आणा असं कुणीतरी खाली सुचवलंय, ते तर अजिबात नको, कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे.) हॅचरीवालेसुद्धा समुद्राचं पाणी गाळून, क्लोरीन मारून, हवा सोडून, थायोसल्फेटने उरलेलं क्लोरीन उतरवून मग वापरतात. घरी एवढं जमत नसेल तर एप्रिल-मेमध्ये भरतीच्या वेळी खाडीपासून लांब, मोकळ्या किनाऱ्यावरून पाणी घ्या, बारीक कापडातून गाळा, झाकणाच्या ड्रममध्ये अंधारात दोन-तीन महिने ठेवून द्या, वापरायच्या आधी सॅलिनिटी मोजा. मे मधलं पाणी जुलै-ऑगस्टला उपयोगी पडतं, आणि ते संपलं की गणपती होऊन पाऊस ओसरेपर्यंत आरओच्या पाण्यात सॉल्ट मिसळून चालवा.

टँगच्या गिल्स मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजून आणि टॉर्चच्या उजेडातला फोटो काढून इथेच टाका, आणि तुमच्याकडे कॉपरची कुठली बाटली आहे तेही लिहा, म्हणजे डोस एकत्र बसून काढू.