हत्ती राहू द्या, पगाराचं बोला

रोमशी लढलेल्या कार्थेजच्या सेनापतीचं, हॅनिबलचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच हत्ती आणि आल्प्स. परवा चहावर मित्राने पुन्हा तीच टेप लावली. रोमनांविरुद्धची कानीची लढाई मारल्यावर तो तसाच रोमवर चालून गेला असता तर काय झालं असतं, वगैरे. मी ऐकून घेतलं. पण माझा जन्म बँकेच्या कर्जखात्यात गेलाय, नजर आधी खतावणीकडेच जाते. माझ्या मते कार्थेजचा निकाल कानीच्या पंचवीस वर्षं आधी, इ.स.पूर्व 241 मध्येच लागला होता.

सिसिली बेटासाठीचं रोम-कार्थेजचं ते पहिलं युद्ध 264 ला पेटलं आणि तेवीस वर्षं चाललं. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिसला लागून असलेलं शहर, पिढीजात दर्यावर्दी लोक. रोमन मात्र जमिनीवरचे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की कार्थेजचं एक जहाज किनाऱ्याला रुतलं आणि रोमनांच्या हाती लागलं. त्यावरून त्यांनी शंभर जहाजं बांधायला घेतली. ती होईपर्यंत वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच बाकांच्या रांगांवर बसवलं आणि हुकमासरशी वल्ही मारायला शिकवलं. डोळ्यांसमोर आणा: कोरड्या जमिनीवर बसून हवेत वल्ही मारणारे शेकडो गडी. कार्थेजवाले हसले असतील तर त्यांचं काही चुकलं नाही.

मग रोमनांनी जहाजाच्या नाळेवर छत्तीस फुटी झुलता पूल बसवला. त्याच्या टोकाला लोखंडी अणकुचीदार खिळा, पॉलिबियसच्या शब्दांत मुसळासारखा. तो शत्रूच्या डेकवर आपटायचा, खिळा रुतला की शिपाई पुलावरून पलीकडे. समुद्रावरची लढाई जमिनीवरची करून टाकली! 260 ला सिसिलीच्या किनाऱ्याजवळ मायलीला याच्याच जोरावर जिंकले. पण समुद्र कुणाचा नसतो. 255 च्या वादळात रोमच्या 364 पैकी जेमतेम 80 जहाजं वाचली.

आता माझ्या आवडीचा भाग. युद्ध रखडलं, रोमची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा तिथल्या पैसेवाल्यांनी खिशात हात घातला. कुणी एकट्याने, कुणी दोघा-तिघांत मिळून एकेक जहाज उभं केलं. अट एकच, जिंकलो तर परत द्या. विनातारण कर्ज, वसुली विजयावर! मी असं प्रकरण मंजूर केलं असतं तर घरी बसलो असतो. पण त्यातून दोनशे जहाजं उभी राहिली आणि 241 च्या मार्चमध्ये सिसिलीलगतच्या एगाडी बेटांजवळ त्यांनी धान्याने लादलेलं, नवख्या माणसांचं कार्थेजी आरमार गाठलं. पन्नास बुडवली, सत्तर धरली.

आणि कार्थेज? सिसिलीत वर्षानुवर्षं लढलेले भाडोत्री सैनिक घरी आले, तर हातावर एकेक सोन्याचं नाणं ठेवून त्यांना सिक्का गावाकडे पिटाळलं. मागून हॅनो नावाचा सेनापती गेला आणि म्हणाला, शहराची ओढाताण आहे, ठरलेल्यातलं थोडं सोडा. वीस हजार माणसं, दहा भाषा, महिनोन् महिने थकलेला पगार, आणि हा घासाघीस करतोय! थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरणारे शिपाई पेशवाईच्या अखेरीला आपणही पाहिलेत. इथे धरण्यावर भागलं नाही. तीन वर्षांहून जास्त काळ रक्त सांडलं, कार्थेज बुडता बुडता वाचलं.

(हे सगळं आपल्याला कळतं ते जिंकणाऱ्यांच्या बाजूने. कार्थेजची पुस्तकं गेली. मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचे शेतीवरचे अठ्ठावीस ग्रंथ तेवढे रोमच्या सेनेटने लॅटिनमध्ये करून घेतले. शत्रूचं काय ठेवावं, याचीही अक्कल लागते.)

कार्थेज असं जायबंदी असताना रोमने सार्डिनिया बेट लाटलं आणि वर 1200 टॅलेंट (चांदी मोजायचं तेव्हाचं वजन) जादा दंड उकळला. युद्ध संपवणाऱ्या तहात आधीच 3200 ठरले होते, ते वेगळे. रोमधार्जिण्या पॉलिबियसलाही हा सरळ अन्याय वाटला. नव्या कमाईसाठी स्पेन गाठणं भाग होतं. 237 ला कार्थेजचा सेनापती हॅमिलकार बार्का तिकडे निघाला, नऊ वर्षांच्या पोराला सोबत घेऊन.

त्या पोराचं नाव हॅनिबल. तिथून पुढे मग तुमचे ते हत्ती.