बोटाएवढा प्रश्न

साखरपुड्याच्या अंगठ्या घ्यायला निघालेलं जोडपं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर लांबूनही ओळखू येतं. तिच्या मोबाइलमध्ये डिझाइनचे ढीगभर फोटो आणि त्याच्या चेहऱ्यावर "साधीशीच घेऊ या ना" असा भाव. दोघांची तयारी असते ती डिझाइनवरून भांडायची. ते भांडण होतं आणि मिटतंही. गोची होते ती बोटाची.

बोट दिवसभर एका मापाचं राहत नाही. डिसेंबरच्या सकाळी ते आक्रसतं, आणि मे महिन्यात मेट्रोच्या मंडई स्टेशनातून वर येऊन उन्हात सोन्या मारुती चौक गाठला की टम्म फुगतं. म्हणून माप दुपारनंतर द्यावं, तेही दुकानात पंधरा मिनिटं गार बसून. चहा विचारतील, हो म्हणावं, तेवढाच वेळ जातो. शिवाय ज्या हातात घालणार त्याच हाताचं माप द्यावं, कामाचा हात बहुधा थोडा जाड असतो. आपल्याकडचा हिशोब सोपा आहे: अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये मोजा आणि 40 वजा करा. 54 मिलिमीटर म्हणजे 14 नंबर. अंगठी आत सहज जावी, पण काढताना सांध्यावर जरा अडावी, थोडी फिरवून निघावी. पट्टी रुंद असेल तर एखादा नंबर वाढवावा लागतो. नवरदेव नेमकी 6 मिलिमीटरची रुंद पट्टी निवडतात, माप मात्र बारीक रिंगेवर देतात आणि साखरपुड्याला फोटोग्राफर "पुन्हा एकदा घाला" म्हणाला की घामाघूम होतात.

मग कॅरेट. इथे एखादी आत्या हजर असतेच आणि तिच्या मते 18 कॅरेट म्हणजे सोनंच नव्हे. आत्याचं अगदीच चूक नाही: 22 कॅरेटमध्ये हजारात 916 भाग सोनं, 18 मध्ये 750. पण 22 कॅरेट मऊ. हिऱ्याला धरणारे बारीक काटे त्यात लवकर वाकतात आणि एक दिवस हिरा कणकेत सापडतो, तोही नशीब असेल तर. माझं मत स्पष्ट आहे: हिरा हवा तर 18, आणि आत्या हवी तर 22 कॅरेटचं साधं वेढणं. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो झिजला की खालचा पिवळसरपणा डोकावतो आणि पुन्हा पॉलिशला न्यावं लागतं.

बिल मात्र शांतपणे वाचावं. घडणावळ 12 टक्के असेल तर 5 ग्रॅमच्या अंगठीला 0.6 ग्रॅम सोन्याचे पैसे नुसत्या मजुरीचे, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. खड्याचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे विचारायला लाजू नये. पुण्यात तर नाहीच. 10 सेंटचा हिरा 0.02 ग्रॅमचा, त्यात फारसं काही जात नाही. पण पत्रिकेतला पुष्कराज बसवणार असाल तर नक्की विचारा. आतल्या बाजूला हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे टाकून बघावा. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे अगदी नाजूक अंगठीवर तो नसेल तर लगेच आवाज चढवू नये.

सगळ्या बाजूंनी खडे असलेली अंगठी मुलींना हटकून आवडते, आणि नेमकी तीच पुढे सैल-घट्ट करता येत नाही. साधी पट्टी कापून, डाक लावून लहान-मोठी होते.

नावं कोरायची ती माप पक्कं झाल्यावरच, नाहीतर काप नेमका नावावर येतो. 2 मिलिमीटरच्या पट्टीत 'नेहा' बसते. 'मृण्मयी'ची जोडाक्षरं भिंगातूनही मुंग्यांसारखी दिसतात. आणि लग्नाची तारीख तर कार्यालयाची पावती हातात पडेपर्यंत कोरूच नये.