छातीत पाणी झालं म्हणजे तीनच महिने?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत आला. “कॅन्सरच्या पेशंटच्या छातीत पाणी झालं की तीनच महिने. पाणी काढलं तर कॅन्सर पसरतो आणि पाणी परत भरतंच. उगाच टोचून घेऊ नका.” खाली सगळ्यांचे हात जोडलेले. महिन्यापूर्वीच मी आत्तीला घेऊन राजारामपुरीत छातीच्या डॉक्टरांकडे बसलो होतो, त्यामुळं गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे, पाणी झालं म्हणून ते कॅन्सरचंच असं नाही. फुप्फुसावरच्या अस्तराच्या दोन पदरांत ते साठतं. टीबीनं साठतं, हृदय किंवा किडनी थकली तरी साठतं. म्हणून तपासायचं. तेही एकदा तपासून भागेलच असं नाही, कारण कॅन्सरच्या पाण्यातही पहिल्या नमुन्यात पेशी सापडतात त्या दहापैकी साधारण सहा जणांतच.

आता ते ‘तीन महिने’. असा एकच आकडा कुठंच नाही. कॅन्सरमुळं असं पाणी झालेला पेशंट साधारण किती जगेल याचा अंदाज बांधायला 2014 साली लेंट नावाचा स्कोर आला. पाण्यातलं एलडीएच नावाचं एन्झाइम, पेशंटची हिंडण्याफिरण्याची ताकद, रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण आणि कॅन्सर कुठला, या चार गोष्टींना मिळून 7 गुण. कमी गुणवाल्यांत जगण्याचा मध्यक 319 दिवस, मधल्यांत 130, जास्तवाल्यांत 44. आणि मध्यक म्हणजे मुदत नव्हे, निम्मे लोक त्याच्याही पुढं जगले.

डॉक्टरांनी आत्तीला विचारलं होतं, “अंघोळ तुमची तुम्ही करता? दिवसा किती वेळ पडून असता?” मला वाटलं, म्हातारीला बोलतं करायला विचारत असतील. नंतर कळलं, 7 पैकी 3 गुण या एकाच गोष्टीचे! स्कोरलाही मर्यादा आहेत. फुप्फुसाच्या सगळ्या कॅन्सरना तो सारखेच 2 गुण देतो. ईजीएफआरसारखा जनुकीय बदल सापडला तर आज गोळ्या आहेत, त्यावर माणसं वर्ष-दोन वर्षंही काढतात. हे त्या गुणांत येत नाही.

पाणी काढल्यानं पसरतो, हे उलटं आहे. अस्तरापर्यंत कॅन्सर पोचला म्हणून पाणी झालं. मेसोथेलिओमात, म्हणजे त्या अस्तराच्याच कॅन्सरमध्ये, कधी सुईच्या वाटेवर गाठ येते, तेवढं खरं. पण अंगभर पसरतो तो सुईमुळं नव्हे.

परत भरतं, हे मात्र बरोबर. बऱ्याच जणांना भरतं. त्यावर टाल्कची पूड आत घालून ते दोन पदर चिकटवतात, किंवा मऊ नळी बसवून देतात आणि घरीच पाणी काढता येतं.

आत्तीचं सव्वा लिटर निघालं, कोकम सरबताच्या रंगाचं. पाच रात्री ती खुर्चीत बसूनच डुलक्या काढत होती. त्या रात्री उशी घेऊन आडवी झाली, आणि सकाळी चहाला हाक मारून उठवावं लागलं.