मांजर सूड घेत नाही: सांगलीत फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मांजरांबद्दलचा एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. थोडक्यात तो असा: मांजर अंथरुणात मुतली म्हणजे सूड घेते, तिचं नाक तिथंच घासा आणि फटका द्या. सोफा ओरबाडला तर नखं काढून टाका. चावली तर तिलाही हिसका दाखवा. नसबंदी करू नका, एकदा तरी पिल्लं होऊ द्या. एवढं करूनही सुधारली नाही तर पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडा, तिथं उंदीर भरपूर. मांजर घराची असते, माणसाची नसते. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही, आणि पहिल्या व शेवटच्या सल्ल्यानं तर मांजराचा जीव जाऊ शकतो. म्हणून ओळीनं उत्तर देते.

आधी सूड. आपण काल रागावलो, म्हणून आज ठरवून गादी खराब करायची, असा हिशोब मांजर मांडत नाही. ठरलेली जागा सोडून दुसरीकडे लघवी करण्यामागे दुखणं असतं, भीती असते, नाहीतर तिच्या शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे नकोसा झालेला असतो. दुखणं सगळ्यात आधी तपासायचं. मूत्राशयाला सूज आली की लघवी करताना कळ येते, मांजर त्या कळेचा संबंध ट्रेशी जोडते आणि मऊ जागा शोधते. गादी, धुतलेल्या कपड्यांचा ढीग, पायपुसणं. बोक्याच्या बाबतीत हे फारच गंभीर होऊ शकतं. त्याची मूत्रनळी अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट कणांनी ती तुंबते. मग तो पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबभरच लघवी होते, किंवा तीही होत नाही. रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि एक-दोन दिवसांत त्याचं हृदय बंद पडू शकतं. असा बोका दिसला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. मेसेज मात्र याच बोक्याला फटका द्यायला सांगतो. मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं.

दुखणं नसेल तर ट्रेकडे बघा. घरात जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, रोज साफ केलेला, जेवणाच्या वाटीपासून लांब आणि वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून दूर. बहुतेक मांजरांना वास नसलेली बारीक वाळू आवडते. खराब झालेली जागा फिनेलनं पुसायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. फिनेलमधल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही आणि फरशीवरचं पंजाला लागलं की ती ते चाटते. याच कारणानं माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला कधीच द्यायची नाही, अर्धीसुद्धा जीव घेऊ शकते. डागासाठी एन्झाइमचा, म्हणजे लघवीतले वासाचे घटकच तोडणारा, क्लीनर वापरा. वास पूर्ण गेला नाही तर मांजर त्याच जागी परत जाते.

शेपटी ताठ करून, ती थरथरवत, उभ्यानं भिंतीवर उडवलेली पिचकारी हा वेगळा प्रकार. ती हद्दीची खूण असते आणि घर बदललं, खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला, की वाढते. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पुरानं लोकांना घर सोडायला लावलं. अशा वेळी सोबत नेलेल्या मांजरीनं नातेवाइकांकडचे कोपरे ओले केले असतील, तर ती घाबरलेली होती. अशा मांजरीला एक शांत खोली, तिचं जुनं अंथरूण आणि ठरलेल्या वेळी जेवण द्या. मारलंत तर भीती वाढेल आणि भीतीबरोबर मुतणंही.

नखांचं उत्तर सोपं आहे. ओरबाडून मांजर नखाचं जुनं टरफल काढते, अंग ताणते आणि पंजातल्या ग्रंथींचा वास ठेवते. ते थांबवता येत नाही, जागा तेवढी बदलता येते. हळदीच्या पेठेच्या या गावात गोणपाटाला तोटा नाही. हलणार नाही अशा उभ्या लाकडाला गोणपाट किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा आणि सोफ्याच्या शेजारीच ठेवा. मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढी उंची हवी. नखं काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं हाड कापणं. युरोपातल्या अनेक देशांत त्याला बंदी आहे.

चावण्याआधी मांजर सांगते: शेपटी झटकते, कान मागे वळवते, पाठीची कातडी थरथरते. तिथंच हात काढून घ्या. पिल्लू असताना आपण बोटं नाचवून खेळतो आणि तेच पिल्लू मोठं झालं की चावरं म्हणतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. हातानं खेळूच नका, काठीला बांधलेली दोरी वापरा. संध्याकाळी तिला दमेपर्यंत खेळवून मग जेवण दिलं, तर पहाटे चारला छातीवर उड्या मारणंही कमी होतं. पहाट आणि तिन्हीसांज या मुळातच तिच्या शिकारीच्या वेळा. चावून रक्त आलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज मांजरामुळेही होतो.

नसबंदीबद्दल: भाटीला एकदा पिल्लं झाल्यानं तिचा स्वभाव सुधारतो, याला काहीही आधार नाही. चार-पाच महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते, रात्रभर ओरडते, आणि सुमारे नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. ती सगळी सांभाळणार कोण? बोक्याची नसबंदी केली की बहुतेकांच्या पिचकाऱ्या आणि मारामाऱ्या थांबतात किंवा खूप कमी होतात.

राहिलं मार्केट यार्ड. मांजर माणसाची नसते हे खरं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये पिल्लांना माणसापासून थोडा वेळ वेगळं ठेवून पाहिलं. माणूस परत आल्यावर सुमारे 64 टक्के पिल्लं त्याच्याजवळ येऊन निवांत झाली आणि मग पुन्हा खोली बघू लागली, आईवर भरवसा असलेल्या मुलासारखी. घरात वाढलेल्या मांजरीला शिकार करून पोट भरता येईलच असं नाही, शिवाय यार्डात आधीपासूनचे बोके, कुत्री आणि ट्रक आहेत. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. सांभाळणं खरंच अशक्य असेल तर तिच्यासाठी दुसरं घर शोधा आणि तिच्या सवयी त्यांना खऱ्या सांगा.

मेसेज वाचून कुणी आधीच सोडून आलं असेल, तर आज रात्रीच परत जा. घाबरलेली मांजर सहसा लांब पळत नाही, सोडल्या जागेच्या आसपासच कुठंतरी गप्प दडून बसते आणि हाकेला ओसुद्धा देत नाही. वर्दळ थांबल्यावर बॅटरी घेऊन पोत्यांच्या थप्प्यांमागे, ट्रकखाली, गटाराच्या कडेला बघा, डोळे चमकतात. तिचं न धुतलेलं अंथरूण आणि वासाचं खाणं सोबत न्या, नावानं हळू हाक मारा आणि ती नाही दिसली तरी दुसऱ्या रात्री पुन्हा जा.