वरच्या मजल्यावरची खुर्ची

आमचे जुने घर सोलापूरच्या गावठाणात होते. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद आणि खाली शहाबादी फरशी अशा त्या घरात शेजारच्या खोलीतले बोलणे सहसा ऐकू येत नसे. पुढे आम्ही शहराच्याच जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला. घर उजेडाचे आहे, वाराही चांगला येतो. तरीही वरून येणाऱ्या आवाजांनी पहिल्या वर्षातच आईची झोप पार उडाली आणि वरच्या कुटुंबाशी आमचा अबोला धरला गेला. त्या अबोल्याचे मूळ माणसांच्या स्वभावात नव्हते, तर बांधकामाच्या साहित्यात होते, असे आता मला ठामपणे वाटते.

बोलणे किंवा टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो आणि त्याला जड भिंत अडवते. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर पलीकडे पोहोचणारा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने कमी होतो. नऊ इंची वीटकामाऐवजी दोन घरांच्या मध्ये चार इंची हलक्या ब्लॉकची भिंत आली की शेजाऱ्यांचे खासगी बोलणे आपल्या दिवाणखान्यात का पोहोचते, हे यावरून समजते. या ब्लॉकना मी नावे ठेवत नाही. त्यांनी इमारतीवरचा भार कमी होतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात उष्णताही कमी आत येते. मात्र दोन कुटुंबांमधल्या भिंतीसाठी वेगळा विचार व्हायला हवा.

खुर्ची ओढल्याचा किंवा खलबत्त्याचा आवाज निराळा. तो धक्क्याने थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि स्लॅब जड असला तरी खालच्या खोलीत ठणठणीत ऐकू येतो. त्याला धक्का बसतो तिथेच, टाइल आणि स्लॅब यांच्यामध्ये किंवा निदान टाइलच्या वर, मऊ थर लागतो. आमच्या इमारतीत टाइल्स सिमेंटवर थेट बसवलेल्या आहेत.

शेवटी मीच धीर करून वर गेलो. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगाचटणी कुटत होत्या आणि बत्त्याचा प्रत्येक घाव माझ्या तळपायाला जाणवत होता. खाली एवढे ऐकू येते याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी लगेच एक जुनी सोलापुरी चादर चौपदरी घडी करून खलाखाली घातली आणि त्याच आठवड्यात खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवले. दणका पूर्ण गेला नाही, पण आई दुपारी झोपू लागली.

इथे एक गल्लत नेहमी होते. पडदे, गाद्या, सतरंज्या खोलीतला घुमारा कमी करतात. टाइल्स, काच आणि गुळगुळीत गिलावा जवळजवळ सगळा आवाज परत फेकतात, म्हणून रिकामा फ्लॅट इतका घुमतो. पण भिंतीवर चादर टांगल्याने शेजारचा आवाज थांबत नाही. तसेच दाराखालची फट तशीच ठेवून जाड दार बसवणे हा वाया गेलेला खर्च आहे.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, ध्वनिरोधासाठी स्वतंत्र विभाग आहे. तरीही आमच्या बिल्डरच्या माहितीपत्रकात टाइलचा आकार, नळांची कंपनी आणि लिफ्टची क्षमता होती. आवाजाबद्दल एक ओळही नव्हती आणि आम्हीही विचारले नाही. कोणी नवे घर पाहायला जाणार असेल, तर घरातल्या एकाला वरच्या मजल्यावर पाठवून खुर्ची ओढायला सांगावे आणि आपण खाली, जिथे पलंग ठेवायचा आहे तिथे, उभे राहावे.