ठराव सर्वानुमते मंजूर म्हणे!

युवा संसदेच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं की मी जातो, पोहे खातो, गुण देतो आणि परतीच्या वाटेवर चिडचिड करत बसतो. मुलांवर नाही हं. मुलं जीव तोडून करतात. जाकीट, साडी, 'माननीय अध्यक्ष महोदय', शपथविधी, प्रश्नोत्तरांचा तास, विधेयक, टाळ्या, सगळं साग्रसंगीत. पण विरोधी पक्षनेत्याचा प्रश्न आणि मंत्र्याचं उत्तर, दोन्ही एकाच सरांनी लिहिलेलं असतं. सभात्यागसुद्धा तालमीत बसवलेला. विधेयक मंजूर होणार हे शिपाईमामांनाही आदल्या दिवशी माहीत!

मूळ कल्पना चांगलीच होती. 1962 साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली (प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाच्या सदस्यांनी ठरल्याप्रमाणेच मत द्यावं हे बघणारा पुढारी), तिथे शाळा-कॉलेजांत युवा संसद भरवावी अशी शिफारस झाली आणि 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या. (प्रतोदांनी सुचवलेली योजना, म्हणजे निकाल आधी ठरलेला असणं ओघानं आलंच, असा खवचट विचार माझ्या मनात येतो.)

अमेरिकेत शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांची एफएफए नावाची जुनी संघटना आहे, 1928 सालची. त्यांच्याकडेही सभाशास्त्राची, म्हणजे सभा नियमानं चालवण्याची, स्पर्धा असते. पण तिथे विषय हातात पडतो तो ऐन वेळी, कार्डावर. कुणी दुरुस्ती मांडायची, कुणी तो विषय एखाद्या समितीकडे पाठवायचा, हेही तेव्हाच कळतं. पाठांतर करून जाणार कुठे? तरी तीसुद्धा शेवटी स्पर्धाच. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. मुलांच्या हातात खरा निर्णय द्या, नियम आपोआप शिकतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका सात दिवसांच्या शिबिरात हे पाहिलं. रात्रीची सभा, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर. एका मुलीनं ठराव मांडला: उद्यापासून स्वयंपाक आणि भांडी यांची पाळी सगळ्या गटांना सारखी, मुलं-मुली असा भेद नको. दुसरीनं अनुमोदन दिलं. लगेच मागून एक जण उठला, 'दुरुस्ती आहे. "स्वयंपाक" या शब्दापुढे "भाकरी सोडून" असं घालावं.' हशा. त्यावर ठराव मांडणारी उसळून म्हणाली, 'हरकतीचा मुद्दा! ही दुरुस्ती ठरावाचा जीवच काढतेय, ती घेताच येणार नाही.'

अध्यक्ष होता एस.वाय.चा एक बुजरा मुलगा. सगळ्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, म्हणजे शिबिर सांभाळणाऱ्या सरांकडे, पाहिलं. सर टॉर्चचे सेल बदलत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. (हे फार थोड्या शिक्षकांना जमतं.) पोरगं जरा थांबलं आणि म्हणालं, 'भाजी, भात, भांडी उरतातच की. दुरुस्ती घेता येईल. आधी दुरुस्तीवर मत, मग ठरावावर.' मग भाकरीवर जी चर्चा रंगली! 'आम्हाला येत नाही' याला 'आम्हालाही आईच्या पोटातून येत नव्हती' असं उत्तर आलं. हात मोजले. दुरुस्ती पडली, ठराव बहुमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला स्वतः परातीपुढे बसला होता. भाकऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

मला त्याहून मोठं वाटलं ते पुढच्या रात्रीचं. इतिवृत्त, म्हणजे आदल्या सभेची नोंद, वाचताना चिटणीसानं सवयीनं 'ठराव सर्वानुमते मंजूर' म्हटलं. तोच दुरुस्तीवाला मुलगा उठला, 'मी विरोधात हात वर केला होता. बहुमतानं लिहा.' खाडाखोड झाली, शेजारी सही झाली. हरला होता, ठरलेलं काम गुपचूप केलं होतं, पण आपला विरोध कागदावर असावा हा हट्ट सोडला नाही.

आता आपल्या मोठ्यांच्या सभा आठवा. सोसायटीची वार्षिक सभा: कोरम नाही, अर्ध्या तासासाठी तहकूब, मग त्याच जागी तेवढीच डोकी आणि वीस मिनिटांत बारा विषय सर्वानुमते. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी ते हवेत. तेवढेही जमले नाहीत की तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं म्हणे. या सभांत बसणाऱ्यांपैकी कित्येकांनी शाळेत 'माननीय अध्यक्ष महोदय' खणखणीत आवाजात म्हटलेलं असेल. इतिवृत्त दुरुस्त करून मागता येतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

'अशा सभांनी मुलं वाद घालायला शिकतात' अशी तक्रार प्राचार्य मंडळी करतात. अहो, वाद ती कॅन्टीनमध्ये घालतातच. महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका 1990च्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या. 2016च्या विद्यापीठ कायद्यानं त्या पुन्हा कागदावर आणल्या, 2019 मध्ये जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. त्या होतील तेव्हा होतील. स्नेहसंमेलनाचा खर्च, सहलीचं ठिकाण, वाचनालयाची वेळ, एवढं तरी विद्यार्थी मंडळाच्या मतावर सोडायला कुठला कायदा आडवा येतो? एक इतिवृत्ताची वही द्या. पहिल्या पानावर चार नियम: एका वेळी एकच ठराव, बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, आधी दुरुस्तीवर मत, आणि विरोधी मतांची नोंद. आणि सरांनी टॉर्चचे सेल बदलत बसावं.

डिसेंबर-जानेवारीत शिबिरं लागतील. तुमच्या ओळखीत कुणी कार्यक्रम अधिकारी असतील तर त्यांना टॅग करा. गावात सभा रात्री नऊनंतर ठेवली तर पहिली पंगत उरकलेली असते, पोरं निवांत भांडतात.